पहिली फुल मॅरेथॉन, मुंबई: टार्गेट साडेचार धरू की पाच तास?

यवतेश्वर_घाट

नमस्कार मंडळी. जानेवारीत मुंबईला पहिली फुल मॅरेथॉन (४२ किमी) धावणार आहे. नाव नोंदवून झालंय, सराव सुरू आहे, पण वेळेचा आकडा काही ठरत नाहीये.

माझं वय ३९. साताऱ्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आठवड्यातून चार दिवस धावते, मिळून ४० ते ४५ किमी होतात. सातारा हिल हाफ (घाटातली २१ किमीची रेस) यंदा २:३२ तासांत केली. नोव्हेंबरअखेर पुण्यात एक सपाट हाफ धावले, ती २:११. आतापर्यंतचा सगळ्यात मोठा लाँग रन २८ किमी, मेढा रोडला, सरासरी ७:०५ च्या पेसने, म्हणजे किलोमीटरला ७ मिनिटं ५ सेकंद. त्यात शेवटचे तीन-चार किमी पाय जड झाले होते, पण थांबले नाही.

आता गोंधळ असा. धावण्याचं घड्याळ फुलच्या वेळेचा अंदाज सांगतंय ४:०९. ग्रुपमधले म्हणतात, यवतेश्वरचा घाट चढणारीला मुंबई म्हणजे पटांगण, साडेचार तर डोळे झाकून होईल. घरी म्हणतात, पूर्ण कर म्हणजे झालं. पण मला नुसतं पूर्ण करायचं नाहीये. पहाटे साडेचारला उठायचं, धावून यायचं, डबे भरायचे, मग शाळा. एवढं सगळं केल्यावर मला स्वतःचा एक आकडा हवा आहे, आणि तो खरा हवा आहे. उगाच मोठा नको आणि घाबरून लहानही नको.

साडेचारच्या पेसरबरोबर (ठरलेल्या वेळेच्या वेगाने धावून इतरांना सोबत नेणारा धावपटू) सुटू का? आणि साताऱ्याची २:३२ हिशेबात धरायची की सोडून द्यायची?

उपवन_लूप

ताई, अभिनंदन! साताऱ्याची वेळ बाजूला ठेवा. घाटातल्या रेसवरून सपाट रेसची वेळ नीट काढता येत नाही. पुण्याची २:११ धरा.

एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराची वेळ काढायचं रीगलचं सूत्र वापरलं तर हाफच्या वेळेला साधारण २.०८५ ने गुणायचं. १३१ मिनिटं गुणिले २.०८५ म्हणजे २७३ मिनिटं, ४:३३. घाटाची ताकद आहेच पायात, रेसच्या दिवशी गर्दीचा जोश असतो, तीन मिनिटं कुठेही निघतील. बिनधास्त साडेचारची बस (पेसरबरोबर धावणारा घोळका) पकडा. पेस ६:२४.

डोंबिवली_पहाट

माझं मत वेगळं. पहिल्या फुलला वेळ ठरवूच नका. घड्याळ घरी ठेवा, लोकांकडे बघा, सी लिंकवरून समुद्र बघा. आकडा डोक्यात असला की आनंद जातो. दुसऱ्या वर्षी बघा वेळेचं.

कॅडेल_रोड

यवतेश्वर ताई, थोडं सविस्तर लिहितो, कारण तुम्ही अगदी नेमकी माहिती दिली आहे आणि प्रश्नही मनापासून विचारला आहे.

मी दादरला राहतो. ही मॅरेथॉन आमच्या दारावरून जाते. आधी बरीच वर्षं नुसता रस्त्याच्या कडेला उभा राहून संत्र्याच्या फोडी वाटायचो, शेहेचाळिसाव्या वर्षी स्वतः धावायला लागलो. अलीकडे वेगवेगळ्या रेसमध्ये पाच तासांची बस चालवतो, म्हणजे पाठीला झेंडा लावून पेसर म्हणून धावतो. त्यामुळे पहिल्यांदा फुल धावणारे ३० किमीनंतर कसे दिसतात, हे मी फार जवळून पाहिलं आहे.

आधी सूत्राबद्दल. उपवन यांनी गणित बरोबर केलं आहे, पण त्या सूत्राची हद्दही पाहायला हवी. पीट रीगल हा अमेरिकन इंजिनिअर. १९८१ मध्ये त्याने जो लेख लिहिला, त्यात हे सूत्र साडेतीन मिनिटांपासून २३० मिनिटांपर्यंतच्या शर्यतींसाठी मांडलं होतं. २३० मिनिटं म्हणजे तीन तास पन्नास मिनिटं. तुमची-आमची फुल मॅरेथॉन त्या हद्दीच्या पलीकडे सुरू होते. २०१६ मध्ये व्हिकर्स आणि व्हर्टोसिक या दोघांनी दोन हजारांहून जास्त हौशी धावपटूंच्या वेळा तपासल्या. हाफपर्यंत रीगल छान जुळतो. फुलला मात्र निम्म्या लोकांच्या बाबतीत सूत्राने सांगितलेली वेळ प्रत्यक्षापेक्षा किमान दहा मिनिटांनी कमी निघाली. सूत्र धरून साडेचारला सुटणाऱ्यांपैकी कितीतरी जण मला पेडर रोडवर चालताना का भेटतात, याचं उत्तर मला त्यात मिळालं.

घड्याळाचा ४:०९ तर पूर्ण सोडून द्या. ते तुमच्या हृदयाच्या ठोक्यांवरून आणि वेगावरून तुमची दमक्षमता मोजतं. तिसाव्या किलोमीटरला तुमच्या मांड्यांचं काय होणार आहे, हे त्याला माहीत नसतं.

हाफ आणि फुल यांत फरक नुसत्या अंतराचा नाही. शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा साठा, साधारण १८०० ते २००० कॅलरी पुरवतं. धावताना ढोबळमानाने दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे एक कॅलरी लागते. ६० किलोच्या माणसाला हाफला बाराशे-तेराशे, फुलला अडीच हजार. हाफ साठ्यावर निभावते, फुल निभावत नाही. बाकीचं चरबीतून आणि वाटेत खाल्लेल्यातून यावं लागतं. आणि वेग जितका जास्त, तितका साठा लवकर रिकामा होतो. म्हणून पहिल्या तासात वाचवलेली मिनिटं शेवटच्या तासात व्याजासकट द्यावी लागतात.

आता मुंबईचं. अमॅच्युअर फुल पहाटे अंधारात सुटते. मरीन ड्राइव्हला दिवे लागलेले असतात, हवा त्यातल्या त्यात गार, पाय ताजे, आणि आजूबाजूचे सगळे तुमच्यापेक्षा जोरात चाललेले वाटतात. जानेवारीच्या मध्याला इथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. म्हणजे साडेचार-पाच तासांत धावणाऱ्याची अर्ध्याहून जास्त रेस उजेडात होते आणि शेवटचा तास चांगल्याच उन्हात. तुम्ही साताऱ्याच्या कोरड्या थंडीत सराव करता. इथे पहाटेही हवेत दमटपणा असतो, घाम वाळत नाही, बनियन अंगाला चिकटून राहतं. त्याच वेगाला ठोके जास्त पडतात. साताऱ्याहून, पुण्याहून, नाशिकहून येणाऱ्या चांगल्या धावपटूंना इथे हेच नडतं.

आणि पेडर रोडचा चढ.  परतीला हाजी अली मागे पडलं की तो समोर येतो, तेव्हा तुमचे ३४-३५ किमी झालेले असतात. यवतेश्वरच्या घाटापुढे ही टेकडीसुद्धा नाही, तुमच्या ग्रुपचं तेवढं म्हणणं खरं. पण घाट तुम्ही ताज्या पायांनी चढता. हा चढ रिकाम्या टाकीवर येतो. तिथे दुतर्फा लोक उभे असतात, इमारतींमधून उतरून येतात, बशीत मीठ लावलेली संत्री, चिक्कीचे तुकडे, कोणी हातात बर्फ देतं. गेल्या खेपेला माझ्या बसमधल्या एक बाई तिथे थांबल्या. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, पोटऱ्या धाग्यासारख्या थरथरत होत्या. त्या सी लिंकपर्यंत साडेचारच्या बसमध्ये होत्या, मग मागे पडत पडत आमच्यात आल्या होत्या. तयारी उत्तम होती त्यांची, हाफची वेळ तुमच्याइतकीच. वेग चुकला तो पहिल्या दहा किलोमीटरमध्ये.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की पहिल्या फुलचं टार्गेट ठरवायचं म्हणजे पहिल्या १० किमीचा वेग ठरवायचा. शेवटची वेळ त्यातून निघते. डोंबिवलीकरांशी मी इथे सहमत नाही. आकडाच नसेल तर माणूस गर्दीच्या वेगाने धावतो, आणि पहाटे सुटणारी गर्दी नेहमी जास्त वेगात असते. आकडा हवा तो स्वतःला आवरायला.

तुमच्यासाठी मी ४:५० म्हणेन. हिशेब मांडतो.

साडेचारच्या बसमध्ये ६:२४ ने गेलात तर ३० किमी ३:१२ ला होतील. तिथून पाय गेले आणि चालत-धावत ९ मिनिटांचा पेस झाला, जे मी अनेकांचं होताना पाहतो, तर उरलेल्या १२ किमीला जवळपास ११० मिनिटं लागतात. एकूण ५:०२.

आता दुसरा मार्ग. पहिले १० किमी ७:०० ने, एक सेकंदही जोरात नाही. पुढचे २० किमी ६:५० ने. ३० किमीला घड्याळात ३:२७. साडेचारवाले तुमच्या पंधरा मिनिटं पुढे असतील, असू द्या. शेवटचे १२ किमी ६:५० नेच टिकले तर ४:५०. पेडर रोडला आणि उन्हात ७:३० पर्यंत घसरलात तरी ४:५८, म्हणजे पाचच्या आत. जमलं तरी आनंद, घसरलं तरी पाचच्या आत, असा आकडा पहिल्या फुलला चांगला.

४:५० का, ४:४० का नाही? ४:४० ला सरासरी ६:३८ लागते. तुमचा आठवडा ४०-४५ किमीचा आहे आणि लाँग रन २८ चा, तोही ७:०५ ने. साठच्या आसपास किमी होत असते आणि ३२ किमीचे दोन-तीन रन झाले असते, तर मीच ४:४० म्हटलं असतं. नोकरी, घर सांभाळून पंचेचाळीस किमी म्हणजे भरपूर आहे, त्यात काही कमी आहे असं समजू नका. फक्त आकडा त्या सरावाला साजेसा हवा.

फिजिओ_कोथरूड

कॅडेलकाकांशी पूर्ण सहमत. माझ्याकडून तीन गोष्टी, कारण मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात दवाखान्यात हेच बघते.

एक, रेसच्या सकाळी दुखू नये म्हणून आधीच पेनकिलर घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या, घाम आणि पाण्याची कमतरता एकत्र आली की मूत्रपिंडावर ताण येतो.

दोन, पाणी तहान लागेल तसं प्या. प्रत्येक टेबलावर अख्खी बाटली संपवायची नाही. पाच तास नुसतं साधं पाणी पीत राहिलं की रक्तातलं सोडियम खाली जाऊ शकतं, आणि सावकाश धावणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण त्यांना प्यायला वेळ जास्त मिळतो. मधून मधून ओआरएस किंवा मीठ असलेलं काहीतरी घ्या.

तीन, खाणं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. बहुतेक जेलमध्ये (धावताना खायची छोटी गोड पाकिटं) २०-२५ ग्रॅम असतात. भूक लागायची वाट बघू नका, पाऊण तासाने पहिलं जेल. आणि जे रेसला घेणार तेच आतापासून लाँग रनला घ्या. पोटालाही सराव लागतो.

उपवन_लूप

२३० मिनिटांच्या हद्दीचं मला माहीत नव्हतं. मी स्वतः ठाण्यात हाच गुणाकार करून बसलो होतो. आता परत हिशेब करतो. काका, यासोची ८०० ची पद्धत कशी वाटते? ८०० मीटरचे दहा रिपीट जितक्या मिनिट-सेकंदांत, तितक्या तास-मिनिटांत फुल?

कॅडेल_रोड

उपवन, सराव म्हणून उत्तम, अंदाज म्हणून पहिल्या फुलला नाही. ८०० चे दहा रिपीट, मधली विश्रांती धरूनही, दीडेक तासात संपतात, त्यातून वेग कळतो. चार तासांनंतरचा दम त्यातून दिसत नाही.

यवतेश्वर_घाट

कॅडेलकाका, काय लिहू. दोनदा वाचलं, मग वहीत उतरवून घेतलं. आकडा वाचून आधी जरा खट्टू झाले, खोटं कशाला बोलू. ग्रुपमध्ये साडेचार-साडेचार ऐकून कान तयार झाले होते. पण ३० किमीचा तुमचा हिशेब मी स्वतः मांडून बघितला आणि पटला.

दोन शंका. ४:५० ची बस नसते ना? मग पाचच्या बसबरोबर सुटू का? आणि रेसच्या आधी हा आकडा तपासून बघायची काही सोय आहे का? अजून सहा आठवडे आहेत.

कॅडेल_रोड

ताई, खट्टू होऊ नका. हा आकडा पहिल्या फुलचा आहे, तुमच्या कुवतीचा नाही.

बसचं: पहिले १० किमी पाचच्या बसबरोबर धावा. त्यांचा पेस ७:०५ च्या आसपास असतो, तुम्हाला हवा जवळपास तेवढाच. मग हळूहळू पुढे निघा. सुरुवातीच्या ओळीत मात्र त्यांच्या जवळच उभ्या राहा. मागे राहिलात तर पहिले दोन किमी लोकांना ओलांडण्यात जातात, आणि आडव्यातिडव्या धावण्यात अंतरही वाढतं. स्टार्टला उशीर लागला म्हणून घाई करू नका, तुमची वेळ स्टार्टची मॅट ओलांडल्यापासून चिप मोजते.

घड्याळाबद्दल एक महत्त्वाचं. ४२.१९५ हे अंतर वळणांची आतली बाजू धरून मोजलेलं असतं. प्रत्यक्षात धावताना आपलं घड्याळ ४२.६ किंवा जास्तच दाखवतं. त्यामुळे घड्याळात सरासरी ६:५२ दिसतेय म्हणजे ४:५० नक्की, असं समजू नका. घड्याळात ६:४८ दिसायला हवी. त्यापेक्षा सोपं म्हणजे रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्या बघायच्या आणि हातावर वेळा लिहून ठेवायच्या. १० ला १:१०, २० ला २:१८, हाफला २:२६, ३० ला ३:२७, ३५ ला ४:०१, ४० ला ४:३५. पेन घामाने जातं, परमनंट मार्कर घ्या, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला लिहा.

आता तपासणी. रेसच्या आधी साधारण तीन आठवडे, नाताळच्या सुट्टीत, ३२ किमीचा एकच मोठा रन करा. नेहमीसारखा पहाटे पाचला सुरू करू नका, सातला करा, म्हणजे शेवटचा दीड-दोन तास उन्हात येईल. साताऱ्यात मुंबईचा दमटपणा मिळणार नाही, ऊन तरी मिळेल. पहिले २२ किमी ७:१० ने. शेवटचे १० किमी ६:५० ने. जेल, ओआरएस, बूट, मोजे, सगळं रेसचंच. मार्ग मेढा रोडचाच ठेवा, घाट नको.

त्यात तीन गोष्टी बघायच्या. शेवटचे १० किमी ६:५० ने टिकतात का. त्याच वेगाला ठोके हळूहळू किती वाढतात, दहा-बाराच्या आत राहिले तर छान. आणि संपल्यावर तुम्हाला अजून चार-पाच किमी हळू धावता आलं असतं असं मनापासून वाटतं का. तिन्हीचं उत्तर हो असेल तर ४:५० पक्कं. ठोके फार वाढले किंवा शेवटचे तीन किमी ७:१५ च्या पुढे गेले, तर ४:५८ धरा आणि शेवटपर्यंत पाचच्या बसबरोबर राहा. आमच्या बसमध्ये जागा भरपूर असते. त्यानंतर मात्र मोठा रन नाही. आठवड्याचे किमी कमी करत आणायचे, झोप वाढवायची.

डोंबिवली_पहाट

काका, आकडा स्वतःला आवरायला, हे पटलं. मी मागच्या वर्षी घड्याळाशिवाय धावलो होतो आणि शेवटचे आठ किमी चाललो होतो. ताई, माझा सल्ला मागे घेतो. सी लिंकवरचा समुद्र तेवढा बघाच, एरवी तिथे पायी जाता येत नाही.

यवतेश्वर_घाट

ठरलं. ४:५०, आणि पहिले दहा ७:०० ने. शाळेला नाताळची सुट्टी २५ ला आहे, त्याच दिवशी ३२ किमी करते. पाणी द्यायला यजमान स्कूटरवर मागे येतो म्हणालेत, ओआरएसच्या दोन बाटल्या त्यांच्याकडे देईन. कोथरूडताई, जेल इथे मिळत नाही, पुण्याहून मागवते. तोपर्यंत खजूर आणि राजगिऱ्याची वडी घेऊन बघू का?

फिजिओ_कोथरूड

खजूर चालेल, दोन मोठे म्हणजे साधारण एका जेलइतकी कर्बोदकं. बी काढून, तुकडे करून न्या. राजगिऱ्याची वडी धावताना घशात कोरडी पडते, ती चालत असताना किंवा पाण्याबरोबरच. मागवलेली जेल मात्र ३२ च्या आधी हातात पडतील असं बघा.

कॅडेल_रोड

२५ ला संध्याकाळी शेवटच्या दहा किमीचे स्प्लिट (वेळा) आणि ठोके इथे टाका, एकेक किमीचे. ते बघून आकडा कायम ठेवायचा की बदलायचा ते ठरवू.